मालगाडीचा मधला भाग : पनवेल–जासई प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

प्रकल्प आजपासून सुरू. न्हावा शेवा बंदरात जाणाऱ्या-येणाऱ्या मालगाड्यांचे फोटो काढायचे, पण इंजिनाचे नाही. रेल्वेची आवड असलेले बहुतेक लोक वळणावर उभे राहून इंजिन टिपतात आणि इंजिन पुढे गेलं की कॅमेरा खाली करतात. मागून येणारे पंचेचाळीस वॅगन कुणी बघत नाही. खरा मजकूर मात्र तिथेच असतो. इंजिन कुठल्या शेडचं, किती ताकदीचं, एवढंच त्याच्या फोटोतून कळतं. गाडी कुणाचा माल कशात भरून नेते आहे, ते मधल्या डब्यांवर लिहिलेलं असतं. मला तेच हवं आहे.

जागा ठरवल्या : पनवेलहून जासईकडे जाणाऱ्या मार्गावरचे रस्त्याचे पूल, आणि गव्हाण फाटा ते दास्तान फाटा या पट्ट्यातल्या सार्वजनिक जागा. रुळांवर किंवा यार्डात पाय ठेवायचा नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि कायदा नसता तरी मी आत गेले नसते. पुलावर ट्रायपॉड उंच करायचा नाही, मोनोपॉड कठड्याबाहेर काढायचा नाही. खालून २५,००० व्होल्टची तार जाते. तिला हात लागावाच लागत नाही, जवळ जाणं पुरतं. बंदराच्या आतली काही चौकशी करायची नाही, तो संरक्षित भाग आहे. बाहेर येणारी गाडी मला पुरेशी आहे.

२३ नोव्हेंबर

उजेडाचा विचार. हा मार्ग पनवेलहून ढोबळमानाने पश्चिम-नैऋत्येला जातो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, म्हणून रुळांच्या दक्षिणेला उभं राहिलं की सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत डब्यांची ती बाजू उजेडात असते. उत्तरेकडून अक्षरं काळवंडतात.

आता वेगाचा हिशेब. मालगाडी ताशी ६० किलोमीटरने गेली तर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. १/१००० सेकंदाचा शटर ठेवला तर तेवढ्या वेळात डबा पावणेदोन सेंटिमीटर सरकतो. कंटेनरच्या क्रमांकाची अक्षरं निदान दहा सेंटिमीटर उंच असावीत असा दंडक आहे, तेव्हा ती वाचता येतात. १/५०० ला सरकणं दुप्पट होतं आणि ८ व ३ यांतला फरक पुसट होऊ लागतो. म्हणजे वाचायच्या फोटोंसाठी १/१००० च्या खाली जायचं नाही. पॅनिंगचे, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवून काढलेले, सुंदर फोटो वेगळ्या दिवशी.

पूर्ण रेक, म्हणजे वॅगनची सबंध जोडलेली रांग, साडेसहाशे मीटरच्या आसपास. ताशी चाळीसने आली तर डोळ्यांसमोरून जायला मिनिटभर लागतं, आणि त्या मिनिटात नव्वद वीस-फुटी कंटेनर जाऊ शकतात. हाताने एकेक फोटो काढणं परवडणार नाही. दुसरी काहीतरी पद्धत शोधायला हवी.

१ डिसेंबर

आज फक्त क्रमांक वाचले.

प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीत एक शेवटचा आकडा असतो. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं अक्षर बहुधा ‘यू’. एमएससीयू म्हणजे एमएससी, एमएसकेयू म्हणजे मर्स्क, सीएमएयू म्हणजे सीएमए सीजीएम. चौकटीतला आकडा तपासणीचा. आधीचे दहा अक्षर-आकडे बरोबर वाचले गेले की नाही, ते त्यावरून कळतं.

हिशेब घरी वहीवर करून बघितला. अक्षरांना दहापासून किंमत द्यायची, पण ११, २२, ३३ या अकराच्या पटी गाळायच्या. म्हणजे ए = १०, बी = १२, सी = १३, असं पुढे. मग डावीकडून प्रत्येक किमतीला १, २, ४, ८, १६ अशा दुपटीने वाढत ५१२ पर्यंत गुणायचं, बेरीज करायची आणि अकराने भागायचं. उरलेली बाकी म्हणजे तपासणीचा आकडा. बाकी दहा आली तर शून्य लिहितात.

पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं उदाहरण सीएसक्यूयू ३०५४३८ चं. सीचे १३, एसचे ३० गुणिले २ म्हणजे ६०, क्यूचे २८ गुणिले ४ म्हणजे ११२, यूचे ३२ गुणिले ८ म्हणजे २५६. पुढे आकडे : ३ गुणिले १६ म्हणजे ४८, ० ला काही नाही, ५ गुणिले ६४ म्हणजे ३२०, ४ गुणिले १२८ म्हणजे ५१२, ३ गुणिले २५६ म्हणजे ७६८, ८ गुणिले ५१२ म्हणजे ४०९६. एकूण ६१८५. अकराने भागलं की बाकी ३. चौकटीत ३ च असतो.

आता फोटोत एखादा आकडा चिखलाने झाकला असेल, तरी उलट हिशेब करून तो काढता येतो. एकच आकडा झाकलेला हवा, दोन झाकले असतील तर उपयोग नाही. संध्याकाळभर हेच केलं आणि फार बरं वाटलं.

आणखी एक सोय : क्रमांक कंटेनरच्या छतावरही असतो. पुलावरून खाली बघितलं की तो सरळ वाचता येतो, बाजूच्या उजेडाची फिकीर नाही.

८ डिसेंबर

आज नजर कंटेनरवरून खाली वॅगनवर. या मार्गावर सगळ्यात जास्त दिसतात ते बीएलसी जातीचे, कंटेनर वाहणारे सपाट वॅगन. बाहेरून पाच वेगळे वॅगन वाटतात, पण ते एकच कुटुंब आहे. दोन टोकांना बीएलसीए, मध्ये तीन बीएलसीबी. टोकांना नेहमीचं कपलिंग, आतल्या जोडांना मात्र ढिलाई नसलेला दांडा, म्हणून गाडी सुटताना पाच-पाचच्या गटांत खाडखाड ऐकू येते, पंचेचाळीस वेळा नाही. पुलाखालून गाडी सुटायची वाट बघत कान देऊन बसलं की नऊ गट मोजता येतात.

या वॅगनची पाटी, म्हणजे कंटेनर ठेवायचा तळ, रुळापासून जेमतेम एक मीटर उंच, १००९ मिलिमीटर. साध्या सपाट वॅगनपेक्षा चाकंही लहान, ८४० मिलिमीटर व्यासाची. एवढं खाली का आणलं, त्याचं कारण वरच्या तारेत आहे. नऊ फूट सहा इंची उंच कंटेनर तारेखालून, बोगद्यांतून, जुन्या पुलांखालून सुखरूप न्यायचा तर पाटीच खाली आणायला हवी. उंच कंटेनर ओळखायचा तर वरच्या कोपऱ्यांवर काळे-पिवळे पट्टे बघायचे.

वॅगनला स्वतःचा अकरा आकडी क्रमांक असतो : पहिले दोन वॅगनच्या जातीचे, पुढचे दोन मालकाचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार अनुक्रमाचे आणि शेवटचा तपासणीचा. म्हणजे वॅगन जन्मवर्ष कपाळावर घेऊन फिरतो. फोटोंच्या नोंदवहीत आजपासून दोन रकाने : कंटेनर क्रमांक आणि त्याच्या खालच्या वॅगनचा क्रमांक. कंटेनर गाडी बदलतो, वॅगनला मात्र चाकं रुळांवरच ठेवावी लागतात.

२२ डिसेंबर

आमच्या शेजारी निवृत्त गार्ड राहतात, मी त्यांना काका म्हणते. आता या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. २०२२ च्या जानेवारीपासून नाव बदललं. काका स्वतःला गार्डच म्हणवतात.

त्यांना फोटो दाखवले. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, शेपटाचा फोटो कुठाय? शेवटची पाटी बघितल्याशिवाय गाडी पुरी झाली असं म्हणता येत नाही.”

त्यांचा मुद्दा कामाचा आहे. शेवटच्या वाहनावर ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल) पाटी, रात्री तांबडा दिवा. स्टेशनवरचा माणूस ती पाटी बघतो तेव्हा त्याला खात्री होते की गाडी अखंड आली, मधे तुटून मागे काही राहिलं नाही. आता ॲक्सल काउंटर चाकं मोजतात, तरी पाटी आहेच. काकांनी जुनी चारचाकी ब्रेकव्हॅन, म्हणजे गाडीच्या शेवटचा गार्डचा डबा, भोगलेली. तिच्या हिसक्यांनी वही धरता यायची नाही, म्हणून ते गाडी थांबली की मगच लिहायचे. हल्ली बऱ्याच गाड्यांच्या शेवटी ब्रेकव्हॅनऐवजी दूरसंवेदी पेटी लावायचं चाललंय, हे सांगितल्यावर ते म्हणाले, “चांगलं आहे. पण पेटी कंदील दाखवून समोरच्या गाडीला थांबवणार नाही.”

आजपासून प्रत्येक रेकचा शेवट टिपायचा. प्रकल्पाच्या नावात ‘मधला भाग’ राहील, पण टोकाशिवाय मध्य कळत नाही.

१६ जानेवारी २०२५

आज गाड्यांचं काम थोडं, जागेचं जास्त. दास्तान फाट्यावर गेले होते.

न्हावा शेवाचं बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्याआधी जमीन. नवी मुंबई आणि बंदरासाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. दि. बा. याच जासईचे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला इथे दास्तान फाट्यावर आणि नवघरला पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत द्यायचं तत्त्व आलं. आज महाराष्ट्रात जिथे जमीन संपादन होतं तिथे लोक ‘साडेबारा टक्के’ म्हणतात, तो आकडा या खाडीकाठच्या लोकांनी रक्त सांडून मिळवलेला आहे.

स्मारकाजवळ गर्दी होती. मी बाजूला उभी असताना एका आजीने विचारलं, “काय गो बाय, गारीचं फोटू कारतंस?”

मी हो म्हणाले. आजी म्हणाल्या, “कार. आमचं शेत हुतं तवा इथं भाताचं पेंढं वाहायचं.” एवढं बोलून त्या पुढे गेल्या.

मी त्यांचा फोटो मागितला नाही. या प्रकल्पात मला आता एक गोष्ट हवीच आहे : प्रत्येक फोटोच्या खाली गावाचं नाव. ‘पोर्ट लाइन’ नाही. जासई, धुतूम, चिर्ले, गव्हाण. रूळ ज्या गावांच्या जमिनीवर आहेत, त्यांचं नाव तरी लिहिलंच पाहिजे.

९ फेब्रुवारी

पांढरे कंटेनर. टोकाला यंत्र, दारावर किंवा बाजूला ‘४५आर१’. चाळीस फुटी, उंच, शीत. रीफर. रेल्वेवर वीज लागते, म्हणून कंटेनरला अडकवलेला जनरेटर किंवा रेकमध्ये वेगळी पॉवर पॅकची पेटी असावी लागते. आज एका रेकमध्ये असे चार सलग दिसले, त्यातल्या दोनांचं यंत्र कॅमेऱ्याकडे.

नाशिकची द्राक्षं या महिन्यांत निघतात. ती बहुतांश रस्त्याने थेट बंदरात येतात, बागेतून शीतगृह आणि शीतगृहातून ट्रेलर. मालगाडीत मी ती शोधत बसले तर सापडणार नाहीत. माझ्या फोटोंमधून बंदराचं पूर्ण चित्र मिळत नाही, रेल्वेने जाणाऱ्या भागाचं मिळतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

जाता जाता : लाल रंगाचे हाम्बुर्ग ज्यूडचे कंटेनर अजून दिसतात, ही कंपनी आता मर्स्कमध्ये विलीन. आणि एकदा हानजिनचं नाव पुसट झालेला निळा कंटेनर. ती कोरियन कंपनी २०१६ मध्ये बुडाली, पेट्या विकल्या गेल्या, काही अजून जगभर हिंडतात. रंगावरून मालक ओळखायचा नाही, अक्षरं वाचायची.

२३ मार्च

आकारावरून मालाचा अंदाज. ‘२२जी१’ म्हणजे वीस फुटी साधा कंटेनर, ‘४५जी१’ म्हणजे चाळीस फुटी उंच. जड माल वीस फुटीत घालतात, कारण एका पेटीचं एकूण वजन साधारण ३०,४८० किलोपर्यंतच जाऊ शकतं आणि ती मर्यादा जड माल थोड्या जागेतच गाठतो. लोखंडी भंगार, दगड, फरशी, रसायनांची पिंपं. हलका, फुगीर माल चाळीस फुटीत. कपडे, फर्निचर, प्लॅस्टिक. आत काय आहे ते पेटी सांगत नाही, पण पूर्ण रेक वीस फुटींचाच निघाला तर जड माल आहे असं म्हणायला आधार मिळतो.

भरलेला आणि रिकामा ओळखायची दुसरी खूण आवाज. रिकाम्या पेटीत पत्रा वाजतो. पुलाखालून रेक गेला की कळतं. स्प्रिंगांकडेही बघावं, भरलेल्या वॅगनच्या दाबून बसलेल्या असतात. ही ओळख फोटोत येत नाही. म्हणून नोंदवहीत ‘आवाज : पोकळ / बंद’ असा रकाना वाढवला.

१८ एप्रिल

बंदराचे वार्षिक आकडे आले. २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस-फुटी पेट्यांच्या हिशेबात. आधीच्या वर्षी ६४ लाख होते. मालगाडीने यातला सहावा हिस्सा जातो असं धरलं आणि रेकला नव्वद टीईयू, तर दोन्ही दिशा मिळून रोज पस्तीस ते चाळीस फेऱ्या. माझ्या नोंदींतल्या फेऱ्यांशी हा अंदाज जुळतो आहे. बाकीचे पाच हिस्से ट्रेलरवर. गव्हाण फाट्याच्या रांगेत अडकलेल्या कुणालाही तो आकडा समजावून सांगावा लागत नाही.

म्हणूनच पनवेलजवळ उभ्या राहणाऱ्या नव्या खांबांकडे माझं लक्ष आहे. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग इथून दादरीपर्यंत, सुमारे दीड हजार किलोमीटर. वैतरणा ते बंदर हा १०२ किलोमीटरचा तुकडा अजून बांधला जातोय. त्या मार्गावरची तार साडेसात मीटर उंच आहे, आपल्या नेहमीच्या मार्गावरच्यापेक्षा जवळजवळ दोन मीटर जास्त. कारण एकच : एकावर एक दोन कंटेनर तारेखालून जावेत. ७ जानेवारी २०२१ ला न्यू अटेली ते न्यू किशनगढ दीड किलोमीटर लांबीची, दोन मजली कंटेनरची, विजेवर चालणारी गाडी धावली तेव्हा जगातली तशी पहिली. ओढायला डब्ल्यूएजी-१२, बारा हजार अश्वशक्तीचं जोड-इंजिन.

हा मार्ग बंदराला जोडला गेला की जासईवरून जाणारी एकमजली रांग इतकी नेहमीची राहणार नाही. आज जी गाडी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, तिचे फोटो नंतर कुणाला मिळणार नाहीत. प्रकल्पाची घाई त्यामुळे आहे.

१५ मे

मुंबईचा शून्य सावलीचा दिवस याच सुमारास. सूर्य डोक्यावर, दुपारी डब्यांच्या बाजू सावलीत, छतं तापून पांढरी. जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असणार, म्हणजे हिवाळ्याची दक्षिणेकडची जागा आता दुपारी उपयोगाची नाही. सकाळी सातच्या आत काम उरकते आणि दुपारी घरी बसून जुळवाजुळव.

पद्धत ठरली. पुलावर नव्हे, रस्त्याच्या कडेला रुळांना समांतर, कॅमेरा पक्का. व्हिडिओ घ्यायचा आणि प्रत्येक चौकटीतून मधली एकच उभी पट्टी कापून शेजारी शेजारी लावायची. शर्यतीच्या शेवटच्या रेषेवरचा कॅमेरा हेच करतो. निकाल म्हणून सबंध गाडी एकाच लांबट चित्रात येते. गाडी मंदावली की मात्र डबे ताणले जातात आणि वेग वाढला की आखडतात.

सुधारायला मोजपट्टी गाडीतच आहे. वीस फुटी कंटेनर ६.०५८ मीटर लांब आणि साधा असेल तर २.५९१ मीटर उंच. उंचीला लांबीचं प्रमाण २.३४. चाळीस फुटी साधा १२.१९२ मीटर लांब, प्रमाण ४.७१. उंच चाळीस फुटीची उंची २.८९६, प्रमाण ४.२१. चित्रातला प्रत्येक कंटेनर या तीनपैकी एका प्रमाणात बसवला की ताणलेला भाग सरळ होतो, आणि प्रत्येक ठिकाणी वेग किती होता तेही उलट कळतं. गाडी सिग्नलला हळू झाली, मग सुटली, हे सगळं पट्टीच्या कडेला लिहिता येतं.

पहिली पूर्ण पट्टी झाली. पंचेचाळीस वॅगन, पुढे डब्ल्यूएजी-९ इंजिन, मागे ब्रेकव्हॅन. काकांना दाखवली तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी उजव्या टोकाला बघितलं आणि मान डोलावली.

२२ जून

पाऊस लागला. खाडी भरली, कांदळवनातून पाणी रस्त्याला टेकलं. ओल्या कंटेनरवर अक्षरं जास्त स्पष्ट दिसतात. धूळ धुतली जाते आणि रंग गडद होतात. वाचायला जून-जुलै चांगला, पण लेन्सवरचा थेंब दर मिनिटाला पुसावा लागतो. जुनी छत्री कॅमेऱ्यावर बांधण्यासाठी दोन क्लॅम्प घेतले.

छपाईची चौकशी केली. साडेसहाशे मीटरची गाडी एकास शंभर प्रमाणात छापली तर साडेसहा मीटर लांब. वीस फुटी पेटी कागदावर सहा सेंटिमीटर. त्यावर क्रमांक वाचण्यापुरता मोठा येत नाही, म्हणून पट्टीखाली प्रत्येक पेटीचा क्रमांक, आकाराचा कोड आणि वॅगनचं बांधणीवर्ष वेगळ्या ओळीत छापायचं. देवनागरीतच. शेवटच्या ओळीत वेग आणि गावाचं नाव.

राहिलेलं काम : एक रेक भरलेल्या पेट्यांचा आणि एक पूर्ण रिकामा, दोन्ही एकाच जागेवरून, एकाच उजेडात. पेट्रोलियमच्या बीटीपीएन टाक्यांची एक पट्टीही हवी, तिला कंटेनरची मोजपट्टी चालणार नाही, वॅगनची लांबी वापरावी लागेल. आणि नव्या मार्गाच्या खांबांसमोरून जाणारी जुनी एकमजली रांग, खांबांवर तार चढायच्या आधी.